चहाचं विरजण आणि पोटातली पाहुणी

दुपारची जेवणं आवरली की मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसते. खोलीच्या भिंतींना फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांच्या तोंडाला मांजरपाटाचे तुकडे बांधलेले आणि आत मधाच्या रंगाचा चहा. खिडकीला माझी जुनी साडी लावली आहे. तिच्यातून ऊन गाळून येतं आणि बरण्यांवर सावकाश सरकत राहतं. आमच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की मळीचा गोडसर वास वर येतो आणि खोलीतल्या आंबूस वासात मिसळतो. त्या वासात मी जागी आहे की झोपेत, हे माझं मलाच कळेनासं होतं. सून शेजारणींना सांगते, आई ध्यानाला बसतात. कसलं आलंय ध्यान! मी चक्क पेंगते. फक्त कान बरण्यांकडे ठेवून पेंगते.

ही सवय नोकरीतली. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत विरजणाच्या खोलीत माझा जन्म गेला. तुम्ही पिशवीतलं दही आणता ना, त्याचं मूळ विरजण जिवंत ठेवायचं काम माझं. म्हशीला सुट्टी नसते तशी विरजणालाही नसते. सणवार असो, घरचं लग्न असो, त्याला वेळेवर ताजं दूध पाजावंच लागतं. बहिणीच्या हळदीतून उठून मी डेअरीत गेले होते, तेव्हा नवरदेवाची आत्या म्हणाली, "ह्या बाईचं तान्हं पोर हाय का काय तिकडं?" होतंच म्हणायचं.

निवृत्त झाले आणि हात रिकामे झाले. सकाळी उठून कुणाला दूध पाजायचं नाही, ही कल्पनाच सोसेना. अशात मुलगी पुण्याहून आली ती मांडीवर बरणी धरून. "आई, हा कोंबुचा. आंबवलेला चहा. मला सांभाळायला जमत नाही, तू बघ," म्हणाली. बरणीत तांबूस पाणी आणि वर जाडसर, गुळगुळीत साय. मी झाकण काढून वास घेतला आणि एकदम डेअरीच्या खोलीतच जाऊन उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

काम तसं साधं आहे. कोरा चहा करायचा, साखर घालायची, पूर्ण थंड करायचा. त्यात आधीचा आंबलेला चहा थोडा ओतायचा आणि वर ती साय सोडायची. फडकं बांधून ठेवून द्यायचं. सायीतले जंतू साखर खातात आणि चहा आंबट होत जातो. वर ते स्वतःच नवा पापुद्रा धरतात. उन्हाळ्यात घाई करतात, थंडीत आळसावतात. गोड संपून आंबट लागायच्या मधे एक क्षण असतो, तो जिभेनं पकडायचा. तो सुटला की मग शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला म्हणून समजा.

आमच्या कोल्हापूरचा गूळ घालून केला तेव्हा पोटभर अपमान झाला. मला वाटलं, साखरेपेक्षा आपला गूळ केव्हाही भारी. पण सायीला काही तो मानवेना. चहा गढूळ झाला आणि ती रुसून तळाशी जाऊन बसली. चार-दोन खेपांनी सवय झाल्यावर मग वर आली. तिखटाच्या दिवसांत तर फारच जपावं लागतं. शेजारच्या आक्का कांदा-लसणाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला बसल्या की मी खिडकी लावून घेते. एकदा लावायची राहिली, तर त्या खेपेचा चहा पिताना तांबड्या रश्शाची आठवण यायची. एका गिऱ्हाइकाला मात्र तोच हवा होता. अजून विचारतो, "काकू, तो झणझणीत कवा करताय?"

गिऱ्हाइकं एकेक नमुने. तालमीतले एक म्हातारे वस्ताद पहिला घोट घेऊन म्हणाले, "बाई, हे नासलंय." मी म्हटलं, "नासलं नाही, आंबलंय. नासलेलं मला कळतं." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं, उरलेला पेला एका दमात संपवला आणि म्हणाले, "मग आनि एक द्या." मलकापूरकडचे एक शेतकरी बादली घेऊन आले. उसाला सोडायचं होतं. "जंतू हायती न्हवं? मग मातीला चालणारच की!" जुन्या साया बादलीभर घेऊन गेले. पुढं काय झालं विचारलं तर म्हणाले, ऊस आहे तसाच आहे, पण बांधावरचं गवत लई माजलंय.

बाटल्या मी विकते, पण साय विकत नाही. ती विरजण आहे आणि विरजण आमच्याकडे विकत नाहीत. मागायला आलेल्याला नाहीही म्हणत नाहीत. तिन्हीसांजेच्या आत वाटी घेऊन या, घेऊन जा. आणि वाटी कधी रिकामी परत पाठवायची नाही, हेही आलंच. असं करत करत आमच्या गल्लीत घरोघर बरण्या झाल्या. आक्कांच्या देवघराशेजारीसुद्धा एक आहे. तिला त्या रोज हळदकुंकू लावतात. मी काही बोलत नाही, बरणीच्या बाहेरून लावतात तोवर ठीक आहे.

त्या मोठ्या साथीपासून मात्र एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. "ह्यानं इम्युनिटी वाढतीया न्हवं?" भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, वस्ताद छाती पुढं काढून विचारतात. मी म्हणते, चवीला चांगला आहे, एवढं मी सांगू शकते. लोकांना हे उत्तर आवडत नाही. शेवटी मी मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या माझ्याच गिऱ्हाईक. त्यांनी नीट समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत, उंदरांवर काही काही दिसतं, पण माणसांत प्रतिकारशक्ती वाढते असं छातीठोक सांगण्याइतकं काही हाती नाही. मग म्हणाल्या, "काकू, एक मात्र करा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यांना हा देऊ नका. जिवंत जंतू आहेत, कच्चा आहे. गरोदर बायका, लहान पोरं, त्यांनाही नको." तेव्हापासून बाटली हातात देण्याआधी मी विचारते, कुणासाठी? काहींना राग येतो. येऊ दे.

मंगल आली ती अशाच एका पेंगुळल्या दुपारी. जिन्यावर पावलं वाजली आणि मी डोळे उघडले तर दारात पितळेची वाटी घेतलेली एक बाई. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर. नाव मंगल म्हणाली. माहेर-सासर कबनूरचं, नवरा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. इथल्या दवाखान्याच्या फेऱ्या सोप्या जाव्यात म्हणून बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आलेले.

"काकू, इरजण न्यायला आलोय. चहाचं."

"ये की. कुणासाठी गं?"

"आमच्या मालकांसाठी."

"काय होतंय त्यांना?"

"आता काय न्हाय. किडनी बदललीया. माझीच बसवलीया की."

मागाचा एखादा सुटा भाग बदलल्यासारखं तिनं ते सांगितलं आणि नकळत कमरेवर हात ठेवला. मी खाडकन जागी झाले.

ती बोलतच होती. "डॉक्टर म्हणत्यात, ह्येंची प्रतिकारशक्ती कमी हाय. गर्दीत जायाचं न्हाय, धुळीत जायाचं न्हाय, मागाच्या खात्यात तर पाऊल टाकायचं न्हाय. धडधडीत जल्म गेलेला माणूस, काकू. आता निस्ता खिडकीत बसतोय. बोलत बी न्हाय. म्हटलं, प्रतिकारशक्ती वाढली तर कामाला तरी लागंल."

"मंगल, त्यांना हा चालत नाही. मी देणार नाही."

"इकत घेतो की मग."

"विकतही देणार नाही. ती औषधं चालू असताना असलं काही पोटात जायचं नाही. डॉक्टरांना विचार."

माझी जीभ तशी तिखट आहे. तोंडावर सांगून मोकळी होते. तिचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला.

"म्या माझ्या अंगातलं काढून दिलं," ती म्हणाली, "आनि तुमास्नी वाटीभर पाणी दिऊ वाटंना!"

वाटी तिथंच ठेवून ती जिना उतरून गेली.

आयुष्यात पहिल्यांदा मी विरजण मागायला आलेल्या बाईला रिकामं पाठवलं होतं. बरोबरच केलं होतं, पण बरोबर केल्याचं समाधान काही वाटेना. वाटी समोर, ऊन तिच्यावर आलेलं, आणि माझा डोळा काही केल्या लागेना. तशात एकदम डोक्यात आलं, मी नाही म्हटलं म्हणून काय झालं? विरजण तर गल्लीभर आहे. कुणीही देईल.

मी तशीच चपला सरकवून आक्कांकडे गेले. त्या पडवीत पावटे सोलत होत्या.

"आक्का, कबनूरची मंगल चहाचं विरजण मागायला आली तर देऊ नका हं."

"मंगल व्हय? तिला मागंच दिलंय की म्या."

"अहो, कशासाठी पाहिजे, विचारलं तरी का?"

"इरजण मागायला आल्यावर कशाला पायजे म्हणून इचारतंय व्हय कोण? तुझ्यासारखं न्हाय बाई माझं."

आक्कांना काय बोलणार? गल्लीला ही रीत मीच लावून दिलेली. मागं दिलं म्हणजे एव्हाना तो चहा आंबून तयारही झाला असणार. मग ही आज माझ्याकडे कशाला आली? पहिला संपला की काय? तो माणूस रोज पीत असेल तर? भर उन्हात मी त्या बहिणीचं घर शोधत निघाले.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. खिडकीपाशी खुर्चीत एक वाळका, शांत माणूस तोंडाला फडकं बांधून बसलेला. शेजारी खिडकीच्या कठड्यावर बरणी. तिच्या तोंडाला रुमाल आणि तो मागाच्या सुतानं असा चापून बांधलेला की मी कधी बांधला नसेल. बरणीपाशी एक पेला.

"या की पावणं, बसा," तो म्हणाला. ओळख ना पाळख.

"ह्यातलं प्यालात का?"

"कोन तुमी?"

"ते नंतर! आधी सांगा, प्यालात का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे. "न्हाय. मंगल रोज म्हणत्या, आज काढूया. म्याच म्हणतोय, ऱ्हाऊ दे."

मी भिंतीला टेकून खालीच बसले.

"मागावर कापड असताना कातर लावत न्हाईत," तो सांगू लागला. बोलत नाही म्हणे! "ताका, म्हंजे अख्खं कापड, पुरा होऊस्तवर थांबाय लागतंय. हे बरणीतलं कापड अजून पडाय लागलंय, काढाय गेलं की मोडणार. तवा म्या म्हटलं, दुसरं इरजण आण, त्येचं पिऊ. ह्येला हात लावू नगंस." मंगल माझ्याकडे वाटी घेऊन का आली होती, ते आता कळलं.

त्यानं बरणीला बोट न लावता, खुर्चीतूनच मला खूण केली. "बगा की हिकडनं. ना ताणा, ना बाणा, ना धोटा. आवाज बी न्हाय. कुनाचा हात न्हाय आनि कापड पडतंय. आमच्या खात्यात आवाजानं कान बसत्यात. हे कसं इणतंय, म्या रोज बघत बसतोय. डोळा लागला की जरा जाड झालेलं असतंय."

मी त्याच्या बाजूनं वाकून बघितलं. खिडकीतलं ऊन चहातून आरपार गेलेलं, आणि वर दुधी रंगाचा एकसारखा, सलग पापुद्रा. एवढी वर्षं मी सायीकडे बघते. ती निरोगी आहे का, बुरशी तर नाही ना, एवढंच बघत आले. कापड म्हणून कधी बघितलंच नव्हतं. बारीकसा बुडबुडा वर यायचा, पापुद्र्याखाली थबकायचा, कडेला सरकायचा. आम्ही दोघं अनोळखी माणसं कितीतरी वेळ गप्प बसून ते बघत राहिलो. कशासाठी आले होते, तेच मी विसरले.

मंगल भाजीची पिशवी घेऊन दारात आली आणि मला बघून थबकली. "आता काय राहिलंय?" म्हणाली.

"बस इथं," मी म्हटलं. "मघाशी मी नीट सांगितलं नाही. ऐकून घे, मग हवं तर शिव्या दे. आपल्या अंगात राखणदार असतात. परकं कुणी आत आलं की हाकलायचं, एवढंच त्यांना कळतं. सर्दी-खोकला असो, जखमेतली घाण असो, ते हाकलतात. त्यालाच प्रतिकारशक्ती म्हणतात. आता तुझी किडनी ह्यांच्या अंगात पाहुणी म्हणून आली. राखणदार तिला ओळखतो का?"

"न्हाय."

"म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन त्या राखणदाराला पेंगत ठेवलाय. तो पेंगतोय म्हणून ती राहिली आहे. तू आता त्याला जागं करायला निघालीस. जागा झाला तर पहिल्यांदा कुणाला हाकलेल?"

मंगलचा हात परत कमरेवर गेला.

"मला," ती म्हणाली.

मग मी पुढचंही सांगितलं, की ह्या चहानं काहीच वाढत नसेल, तसंच असायची शक्यता जास्त. पण मग राखणदार झोपलेला असताना हे जिवंत जंतू घरात कशाला घ्या? वाढत नसेल तर उगीच धोका, आणि वाढत असेल तर घातच. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. दवाखान्यात फोन लाव," मी म्हटलं. तिनं लावला. तिकडच्या सिस्टरनं मोठ्यानं झापलं, ते आम्हा तिघांना ऐकू आलं. "अजिबात नाही! पाजलं तर नाही ना?"

"न्हाय ओ," मंगल म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माझ्या हातानं... माझ्याच हातानं दिलं असतं की वं..."

"दिलं न्हाईस की पर," तो म्हणाला. "म्या थांबीवलं न्हवं तुला? ताका पुरा झाल्याबिगर काढत न्हाईत, सांगत हुतो का न्हाय?"

रडता रडता तिला हसू फुटलं. "व्हय, सांगत हुता. म्या म्हटलं, ह्यो मानूस खुळा झाला."

बरणी मी उचलली. तेव्हा मात्र त्याचा चेहरा असा पडला, की मला कसंसंच झालं. मघाशीच मी मंगलला नीट समजावलं असतं तरी बरणी काढून घेण्याचं हे पाप माझ्याच वाट्याला येणार होतं. "कापड तेवढं..." तो म्हणाला.

घरी आणून ती साय मी खळाखळा उकळली. आयुष्यभर जंतू जगवणारी बाई मी, पण त्या दिवशी एकही जिवंत राहू नये म्हणून पातेल्यासमोर उभी होते. मग गच्चीवर उन्हात ताटावर पसरून वाळवली. वाळली तशी ती आकसली, पातळ झाली, काकवीच्या रंगाची झाली आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंना विचारून, दोन काचांच्या मधे घालून चहूकडून बंद करून घेतली. मंगलची वाटी रिकामी पाठवायची नव्हती. तिच्यात माझ्याकडची चांगली चहा पावडर भरली, दोघांनी उकळून प्यायची म्हणून.

त्यानं ती काच खिडकीसमोर धरली. खोलीत तांबूस उजेड पडला, त्याच्या हातांवर, मंगलच्या गालावर. "जगात असलं कापड कुटं मिळायचं न्हाय," तो म्हणाला. अजून ती त्याच खिडकीत आहे.

मी अजूनही आंबवलेला चहा करते आणि विकते. वस्ताद अजूनही इम्युनिटीचं विचारतात. मी अजूनही म्हणते, चवीला चांगला आहे. गल्लीतल्या बायका मात्र आता विरजण देण्याआधी विचारायला लागल्या आहेत, कुणासाठी? आक्कासुद्धा विचारतात, आणि विचारून झाल्यावर माझ्या नावानं बोटं मोडतात.

तपासणीचा दिवस असला की मंगल आणि तिचा नवरा आमच्या दारावरून जातात. मी गच्चीच्या कठड्याशी येऊन वरूनच ओरडते, "मंगल, पावणी काय म्हणत्या?"

ती रस्त्यात थांबते. चारचौघांदेखत नवऱ्याच्या पोटाच्या उजव्या अंगावर तळवा ठेवते, आणि मान वर करून ओरडते, "ऱ्हायलीया की, काकू! जायाचं नावच काढंना!"

मग मी परत खोलीत जाते. ऊन बरण्यांवर आलेलं असतं, डोळे जड व्हायला लागतात. आणि झोपेत जाता जाता मी त्या न पाहिलेल्या राखणदाराला सांगते, पेंग बाबा, तूही पेंग.